मामंजींच्या नावाचं खातं

माधव परब वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करत नाही, ही गोष्ट लालबागच्या प्राणजीवन मॅन्शनमध्ये तिन्ही मजल्यांना ठाऊक होती. (नावात मॅन्शन, संडास मजल्याच्या टोकाला, आठ खोल्यांत दोन.) कुरिअरवाल्याच्या मशीनवर बोट फिरवायच्या आधीसुद्धा माधव चष्मा काढायचा, पुसायचा, घालायचा आणि तळाची बारीक अक्षरं वाचायचा. कुरिअरवाला जिन्यात उभा राहून आपल्या नशिबाला शिव्या घालायचा. लग्नपत्रिकेपासून बिल्डरच्या संमतिपत्रापर्यंत चाळीतला हरेक कागद आधी माधवच्या चष्म्याखालून जायचा. हा मान त्याला कुणी दिला नव्हता, त्याने घेतला होता. मुंबईत मान असेच मिळतात.

अशा माणसाला एका खेळण्याच्या डब्याने कसं लोळवलं, त्याची ही हकिकत.

माधवची मुलगी श्रेया सीएची मधली परीक्षा पास झाली. आनंदाच्या भरात माधव गॅलरीत उभा राहून, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माग! काय हवं ते माग!" त्याच्या डोक्यात मनगटी घड्याळ होतं.

श्रेया म्हणाली, "बाबा, गेमिंग कन्सोल."

कन्सोल म्हणजे काय, हे माधवला माहीत नव्हतं. पण तिन्ही मजल्यांनी ऐकलं होतं. शब्द गेला की माणूस गेला.

संध्याकाळपर्यंत प्रकरण चाळीचं झालं. बाजारात दोन कंपन्यांचे दोन डबे होते, एक काळा आणि एक पांढरा, आणि दोन्ही कंपन्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. चाळीला एवढं पुरलं. गॅलरीत लगेच दोन पक्ष पडले.

काळ्या पक्षाचे पुढारी होते सात नंबरमधले नाना सावंत. सत्तरी उलटलेली, पण मत द्यायला कायम तयार. "काळो घे," नाना म्हणाले. "माझ्या भाच्याकडे डोंबिवलीक काळोच आसा. आणि काळ्यार मळ दिसना नाय."

पांढऱ्या पक्षाकडून चौदा नंबरचा स्वप्नील उभा राहिला. "काका, पांढराच घ्या. महिन्याचं भाडं भरलं की शेकडो गेम फुकट."

"भाडं भरल्यावर फुकट कसं रे?" माधवने विचारलं.

"म्हणजे भाडं चालू आहे तोवर फुकट."

"आणि भाडं बंद केलं तर?"

"मग गेम बंद."

 ज्या चाळीने दोन पिढ्या भाड्याच्या पावत्या उशाखाली घेऊन काढल्या, तिला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती. पांढरा पक्ष त्याच क्षणी हरला. स्वप्नीलने पुढचे आठ दिवस प्रचार केला, मोबाईलवर चित्रफिती दाखवल्या, पण हरलेल्या उमेदवाराचं लोक जेवढं ऐकतात तेवढंच त्याचं ऐकलं.

माधवने काळ्याची निवड जाहीर केली, ती मात्र रंगावरून नव्हे. काळ्याला डाव्या अंगाला एक फट होती, चकती घालायची. "वस्तू हातात आली पाहिजे," तो म्हणाला. "चकती आपली. कपाटात ठेवली तर कपाटात. नानांच्या भाच्याला वाचायला, आपलं, खेळायला द्यायची तर दिली. उद्या विकली तर विकली. मालकी म्हणतात ती ही."  ज्या खोलीत जन्मला, ज्या खोलीत त्याची मुंज झाली, ती खोली पंचावन्न वर्षांत त्याची झाली नव्हती. माणूस मग एका चकतीवरसुद्धा हळवा होतो. हसू नका.

लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या दुकानातून काळा डबा घेतला. सोबत श्रेयाने निवडलेला एक गेम घेतला, छान चित्रांच्या डबीत. घरी जाऊन डबी उघडली. आत चकती नव्हती. एक चिठ्ठी होती, आणि चिठ्ठीवर बारा अक्षरं.

माधव तसाच उलट पावली लॅमिंग्टन रोडला गेला.

"चकती राहिली," तो दुकानदाराला म्हणाला.

"अंकल, चकती नहीं आती अब. कोड डालो, गेम आ जायेगा."

"मग ही डबी कशाला?"

"डबी गिफ्ट के लिए. हातात काय तरी पाहिजे ना!"

"आणि ती फट? फट कशाला ठेवली आहे?"

दुकानदाराने दोन्ही हात आभाळाकडे नेले. "जुना गेम है तो डालो. नया सब ऐसाच आता है."

पेढ्यांचा पुडा सोडावा आणि आत मिठाईवाल्याचा पत्ता निघावा, तसं माधवला झालं. परत येताना बसमध्ये तो ती रिकामी डबी मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या बाईंनी त्याच्याकडे पाहून सरकून जागा दिली. रिकामी डबी घेऊन बसलेल्या माणसाचं दुःख बायकांना कळतं.

आता कुठलाही शहाणा माणूस कोड घालून मोकळा झाला असता. पण डबा चालू केल्यावर टीव्हीवर एक लांबलचक करार आला आणि खाली लिहिलेलं होतं, 'मला मान्य आहे'. श्रेया बटण दाबणार, एवढ्यात माधव ओरडला, "हात काढ! वाचल्याशिवाय?"

"बाबा, हे कुणीच वाचत नाही."

"म्हणूनच जग असं आहे!"

भारतमाता सिनेमाच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कराराची छापील प्रत काढली. एक्केचाळीस पानं. चार संध्याकाळी माधव ती वाचत होता. काळा डबा तोवर कपाटावर, पंचा पांघरून. शेजारीपाजारी येऊन पंचा उचलून दर्शन घेत आणि "अजून नाय?" म्हणून जात.

पाचव्या संध्याकाळी माधवने गौतमला हाक मारली. गौतम समोरच्या खोलीतला, शाळेपासूनचा दोस्त. दोघांचे बाप एकाच गिरणीत, एकाच पाळीला. गौतम भाड्याच्या खटल्यांच्या कोर्टात एका वकिलाकडे कारकून होता, आणि तिथे तीस वर्षं घासल्यामुळे त्याला वकिलापेक्षा जास्त कायदा येत होता. घरात बाबासाहेबांचा फोटो, फोटोखाली कायद्याची पुस्तकं, आणि तोंडात एकच वाक्य: "आधी वाच, मग रड."

गौतमने पानं चाळली आणि मांडीवर थाप मारली.

"माध्या, अरे ही पागडी आहे!"

पागडी म्हणजे काय, ते गिरणगावाबाहेरच्या सुखी लोकांना सांगायला हवं. खोलीसाठी घसघशीत रक्कम एकदम मोजायची, वर महिन्याला भाडं भरायचं, आणि तरीही खोली मालकाचीच राहते. विकायची तर मालकाला वाटा द्या. नाव बदलायचं तर मालकाचे पाय धरा. गळती दुरुस्त करायची तर स्वतः करा. याला कायदा म्हणतात, आणि ज्यांनी कायदा केला ते कुणीही गळक्या खोलीत राहत नव्हते.

गौतम बोटाने ओळी दाखवत गेला. "हे बघ. पैसे भरलेस तरी मालकी नाही, फक्त वापरायची परवानगी. दुसऱ्याला देता येणार नाही. विकता येणार नाही. मालकाला वाटलं तर काढून घेणार."

"म्हणजे आपला प्राणजीवन शेठच," माधव म्हणाला. त्याला एकाएकी बरं वाटलं. अनोळखी संकट ओळखीचं निघालं की वाटतं तसं.

"शेठ परवडला. पागडीत भाडेकरू मेला तर वारस तरी राहतो. इथे बघ, पान तेहतीस. धारक मेला की परवानगी खलास. पोराबाळांना काही नाही."

माधवने पान तेहतीस तीनदा वाचलं, सुस्कारा सोडला आणि 'मला मान्य आहे'वर स्वतःच्या हाताने दाबलं. वाचून दाबलं, एवढंच समाधान.

मग टीव्हीने विचारलं, खातं कुणाच्या नावाने?

श्रेया 'श्रेया' लिहायला गेली, तर माधवने पुन्हा हात धरला. परबांच्या घरचा एक नियम होता. मागे खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने फ्रिजची पावती जावयाच्या नावाने केली, आणि मालकाच्या मेहताने, म्हणजे भाडं वसूल करणाऱ्या कारकुनाने, 'खोलीत परका माणूस घुसवला' म्हणून नोटीस धाडली होती. तेव्हापासून परबांकडे लाइटचं मीटर, गॅस, पंखा, मिक्सर, सगळं एकाच नावावर यायचं: ज्या नावाने भाडेपावती, त्या नावावर. आणि भाडेपावती होती माधवच्या आजोबांच्या नावाने. धोंडू गुणाजी परब. अठ्ठ्याऐंशी साली वारले. नाव बदलायला मेहता जी रक्कम सांगायचा ती ऐकूनच माधवचे वडील राजाराम गेले असावेत. त्यांचं नाव काही पावतीवर चढलं नाही.

"अहो बाबा, पण पणजोबा मेलेत!"

"मीटरला सांगितलंस कधी?"

झालं. खातं धोंडूच्या नावाने उघडलं. जन्मसाल एकोणीसशे एकोणीस. यंत्राने तक्रार केली नाही. यंत्रांना म्हाताऱ्यांचं काही पडलेलं नसतं.

पहिल्यांदा गेम सुरू झाला आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली.

"आजी, बघ काय लिहिलंय," श्रेया म्हणाली. "सुस्वागतम, धोंडू!"

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या कमलाबाईंनी, म्हणजे माधवच्या आईने, चटकन डोक्यावरून पदर घेतला आणि उठून उभ्या राहिल्या.

वय शहात्तर. एकोणिसाव्या वर्षी कुडाळाकडून लग्न होऊन या खोलीत आल्या आणि पुढची वीस वर्षं सासरा असेपर्यंत त्या या घरात टेकून बसल्या नव्हत्या. धोंडू खोकला की चहा, दोनदा खोकला की पाणी. तोंडातून त्याचं नाव कधी गेलं नाही. 'मामंजी', तेही दाराआडून. धोंड्याच्या महिन्यालासुद्धा त्या 'तो जास्तीचो महिनो' म्हणत. आता मामंजी टीव्हीत आले होते.

पण गेम असा निघाला की बाईंचा पदर डोक्यावर राहिला आणि नजर मात्र पडद्याला चिकटली. गेममध्ये एक ओसाड गाव वसवायचं होतं. विहीर खणायची, माड लावायचे, बकऱ्या पाळायच्या, शेजारच्या गावाशी भांडायचं. श्रेया क्लासला गेली की कमलाबाई हळूच तो रिमोट हातात घेऊ लागल्या. महिन्याभरात बाईंकडे तीनशे बकऱ्या. बंदर बांधलं. शेजारच्या गावांतले कोण कुठले परदेशी खेळाडू धोंडूला वचकून राहू लागले. गॅलरीतल्या बायका दुपारी दारात बसून सल्ले देऊ लागल्या: "कमळे, तो जर्मन मागसून येता हा, बघ!"

प्रत्येक वेळी 'सुस्वागतम, धोंडू' आलं की बाई पदर घेत, उभ्या राहत, मग बसत. गुडघे दुखत, पण रीत ती रीत.

आणि एके दिवशी खातं कुलूपबंद झालं.

कंपनीचं म्हणणं साधं होतं. एकशे सहा वर्षांचा इसम रोज सहा तास बकऱ्या पाळतो, हे आम्हाला जरा पाहावं लागेल. चेहरा दाखवा.

श्रेया रडवेली झाली. "बाबा, सगळं जाणार. गेम, गाव, सगळं."

त्या दिवशी कमलाबाईंच्या आमटीत मीठ नव्हतं.

माधवने भिंतीवरची आजोबांची तसबीर उतरवली आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरली. मोबाईल म्हणाला, चेहऱ्यावरचा अडथळा दूर करा. चंदनाचा हार काढला. मोबाईल म्हणाला, थोडं पुढे या. नानांनी तसबीर पुढे केली. मोबाईल म्हणाला, डोळ्यांची उघडझाप करा.

"हयातीत कोणासमोर पापणी हलवली नाय," कमलाबाई पुटपुटल्या, "आता काय हलवतायत!"

दुसरा मार्ग होता, पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांच्या आतला. माधवने छाती फुगवून परवाची भाडेपावती काढली. धोंडू गुणाजी परब, खोली नंबर नऊ, प्राणजीवन मॅन्शन. ताजी शाई, मेहताची सही, गोल शिक्का. पाठवली.

तिसऱ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं: 'प्रिय धोंडू, तुमची ओळख पटली आहे. तुम्ही आमच्यासोबत आहात याचा आम्हाला आनंद वाटतो.'

चाळीत पेढे वाटायचेच बाकी राहिले. नानांना तर काळ्या पक्षाचा हा अंतिम विजय वाटला. त्यांनी पत्राचा फोटो काढला आणि चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: 'आपल्या चाळीचे ज्येष्ठ रहिवासी श्री. धोंडू परब यांचे हार्दिक अभिनंदन!'

ग्रुपवर मालकाचा मेहताही होता.

आता घात काय झाला तो ऐका. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, आणि कुणाला नवीन घर मिळणार त्याची पात्रता यादी तयार होत होती. माधवने अर्ज केलेला: आजोबा वारले, वडील वारले, नऊ नंबर वारसांच्या नावे करावी. यादीत नाव चढलं तर घर, नाही तर पंचावन्न वर्षांचं बोचकं उचलून चालते व्हा. मेहताने हरकत घेतली. लेखी. 'मूळ भाडेकरू धोंडू परब हयात असून त्यांची ओळख गेल्या महिन्यात पटलेली आहे. ते खोलीत राहत नाहीत. अर्जदाराने ही बाब लपवली. सबब खोली मालकाच्या ताब्यात द्यावी.'

सुनावणी झाली चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या हॉलमध्ये, कॅरमची टेबलं भिंतीला लावून. तपासणीला आलेल्या प्रितीमॅडम तरुण होत्या आणि त्यांनी हरकत वाचली तेव्हा त्यांचा ओठ दोनदा थरथरला, पण सरकारी माणसाला हसायची परवानगी नसते.

"परब, तुमचे आजोबा जिवंत आहेत की नाहीत?"

"नाहीत, मॅडम."

"मृत्यूचा दाखला?"

आणि इथे माधव परबाचं तोंड पडलं. हरेक कागदाचा मालक, चाळीचा चष्मा, त्याच्याकडे हा एक कागद नव्हता. धोंडू वारला गावी. दप्तर गावात, आणि ते वाळवीने कधीच खाल्लेलं. मागच्या बाकावरून स्वप्नील हळूच म्हणाला, "पांढरा घेतला असता तर..." त्याला कुणीतरी कोपराने ढोसलं.

गौतम उठला. "मॅडम, कंपनीने यांना जिवंत ठरवलं कशावरून? भाडेपावतीवरून. पावती कुणी फाडली? मेहतांनी. मेलेल्या माणसाकडून सदतीस वर्षं भाडं घेताना हे गृहस्थ कधी विचारायला आले नाहीत, की धोंडूशेठ, तब्येत कशी आहे? भाडं घ्यायला मेलेला चालतो, आणि घर द्यायला जिवंत लागतो?"

हॉलमध्ये टाळ्या. मेहता छताकडे बघू लागला.

मॅडम म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे. पण मला पुरावा लागेल. मृत्यू डोळ्यांनी पाहिलेलं कुणी आहे?"

सगळ्यांच्या माना कमलाबाईंकडे वळल्या. बाई पुढे आल्या. पदर डोक्यावर.

"आजी, कोण वारलं?"

"मामंजी."

"मामंजी कोण? नाव सांगा."

"मामंजीच."

"आजी, नुसतं मामंजी लिहिता येत नाही. मामंजी सगळ्यांनाच असतात. तुम्ही नाव घेतलंत तर जबाब. नाहीतर मला हरकत मान्य करावी लागेल."

माधव बाकावरून अर्धा उठला. "आये, घे ना गो नाव!"

 कमलाबाईंची सत्तावन्न वर्षांची रीत घशात बसलेली, माशाच्या काट्यासारखी. हॉलमध्ये पंखा तेवढा कुरकुरत होता. मग बाईंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, कमरेला खोचला आणि मॅडमच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाल्या:

"धोंडू. धोंडू गुणाजी परब. अठ्ठ्याऐंशी साल, माघ महिना, गावाक. माझ्या हातचा पाणी पिऊन गेलो. गेलो तेवा पण पाण्याक मीठ जास्त म्हणालो."

मॅडमनी लिहून घेतलं. आता त्यांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी कागदात तोंड घातलं. "हरकत फेटाळली. खोली वारसांच्या नावे. कुणाचं नाव लिहू?"

माधवने सदऱ्याची बटणं नीट केली आणि पेन काढलं. नानांनी त्याच्या पाठीवर थापही मारली.

"माझा," कमलाबाई म्हणाल्या. "कमल राजाराम परब."

माधवचं पेन हवेत राहिलं. आईचा जबाब त्याने दोनदा वाचला, खालच्या बारीक अक्षरांसकट. कुठेही चूक नव्हती.

घरी आल्यावर गौतमला पान तेहतीस आठवलं. "माध्या, एक लफडं आहे. आज आजोबा सरकारी मेले. करार म्हणतो, धारक मेला की खातं खलास. कंपनीला कळवायला लागेल. वाचून सही केली आहेस तू."

माधवने चष्मा काढून पुसला. वाचून सही केलेली होती, हेच तर दुखणं. श्रेयाने आजीकडे पाहिलं.

कमलाबाईंनी तो रिमोट उचलला. टीव्ही लागला. सुस्वागतम, धोंडू. बाई उभ्या राहिल्या नाहीत. पदरही घेतला नाही. चटईवर पाय पसरून, भिंतीला पाठ लावून, टेकून बसल्या.

"कंपनीक कोण सांगतला?" त्या म्हणाल्या. "थंय जितो ऱ्हवांदे धोंडू. जन्मभर माका राबवल्यान. आता बकऱ्यो राखूंदे."